व्हाइस-ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय : एका आरमारी सेवकाचे चरित्र व त्यापासून बोध

(साप्ताहिक अभ्यासपाठ. मंडळीत चर्चा करण्यापूर्वी स्तोत्र 107 व योनाचा पहिला अध्याय घरी वाचावा.)



कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांची वस्ती आहे त्यांस बंदरावरील बावटा ठाऊकच आहे. वादळाचा संभव असला म्हणजे बंदरावरच्या खांबावर दिवसा शंकूच्या किंवा नळकांड्याच्या आकाराची खूण चढवितात, आणि रात्री दिवे लावितात. ‘बावटा लागला’ एवढे दोन शब्द कानी पडताच कोळी लोक आपली होडकी वर ओढून घेतात. घाटावर राहणाऱ्या आमच्या वाचकांस बावटा पाहावयास मिळत नाही. तरी उद्या पाऊस पडेल किंवा वारा सुटेल हे वर्तमान आता त्यांच्याही घरी पोहोचते. ही सोय आपोआप झालेली नाही. जिने ह्या कामी आपले धन, प्रकृती व मनःशांती ही सर्व खर्ची घातली अशी एक व्यक्ती इंग्लंडात होऊन गेली. ती कोणी पंडित नव्हती. ती ब्रिटिश आरमारातील एक अधिकारी होती. त्या रॉबर्ट फिट्झरॉय ह्यांचे चरित्र आज आम्ही आपणांपुढे मांडतो.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवितो. हे चरित्र विजयाने संपत नाही. त्याचा शेवट फार दुःखाचा आहे. थोर पुरुषांची चरित्रे सांगताना त्यांच्या चुका व त्यांचे अश्रू गाळून टाकण्याची आम्हां उपदेशकांस सवय आहे. पण पवित्र शास्त्र असे करीत नाही. दाविदाचे पाप व पेत्राचा नकार ही दोन्ही त्यात लिहिलेली आहेत. म्हणून आम्हीही काही लपविणार नाही.

बालपण व शिक्षण

फिट्झरॉय ह्यांचा जन्म 5 जुलै 1805 रोजी इंग्लंडातील सफोक परगण्यात, ॲम्प्टन हॉल येथे झाला. घराणे मोठे, वडील सेनापती, आणि आजोबा ड्यूक ऑफ ग्राफ्टन हे एके काळी इंग्लंडचे मुख्य प्रधान होते. रॉबर्ट पाच वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वयाच्या बाराव्या वर्षी, म्हणजे 1818 साली, त्यांस पोर्ट्स्मथ येथील आरमारी विद्यालयात घातले. पुढे 1824 मध्ये लेफ्टनंटच्या परीक्षेत त्यांनी पैकीच्या पैकी गुण मिळविले. असे यश त्यापूर्वी कोणासही आले नव्हते.

अशा मुलास कशाची वाण होती? बुद्धी, कुळ, द्रव्य, सर्व काही होते. परंतु त्यांचा स्वभाव तापट होता, मान अपमान त्यांस लवकर लागे, आणि मधून मधून मनावर खिन्नतेचे दाट मळभ येई. त्यांचे मामा लॉर्ड कॅसलरे हे इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांनी 1822 साली मनाच्या विकाराने आपल्या जिवाचा घात करून घेतला. ह्या गोष्टीचे भय भाच्याच्या मनातून कधी गेले नाही.

पहिली कप्तानकी व पहिला धडा

दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा समुद्र फार भयंकर आहे. तेथील किनाऱ्याची मोजणी करून नकाशे तयार करण्याकरिता ब्रिटिश आरमाराने ‘बीगल’ नावाचे लहानसे गलबत पाठविले होते. थंडी, पाऊस व एकांत ह्यांनी खचून जाऊन त्या गलबताच्या कप्तानाने 1828 साली आत्मघात केला. त्याच्या जागी वर्षअखेरीस फिट्झरॉय ह्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे 23 वर्षांचे होते.

लगेच, 1829 च्या जानेवारीत, माल्डोनाडो बंदराजवळ एक घटना घडली. हवेचा दाब मोजण्याचे जे यंत्र, ज्यास बॅरोमीटर म्हणतात, त्यातील पारा उतरू लागला होता. आकाशाचा रंगही पालटला होता. परंतु ह्या तरुण कप्तानाने त्या खुणांकडे पुरेसे लक्ष दिले नाही. एकाएकी त्या मुलखातील ‘पाम्पेरो’ नावाचा प्रचंड वारा गलबतावर येऊन आदळला. डोलकाठ्या मोडल्या, गलबत आडवे झाले, आणि दोन खलाशी समुद्रात बुडाले.

त्या दोघांचे मरण फिट्झरॉय ह्यांनी आपल्या पदरी घेतले. दुसऱ्या कोणास दोष दिला नाही. बॅरोमीटरकडे पाहण्यात त्यानंतर त्यांनी कधी हयगय केली नाही. आणि 30 वर्षांनी त्यांनी जे मोठे कार्य हाती घेतले त्याचे बीज ह्याच दिवशी पेरले गेले असे म्हणावयास हरकत नाही. चूक सर्वांच्याच हातून होते. ती झाकणे, तिच्यावर रडत बसणे व तिच्यापासून शिकणे, असे तीन मार्ग त्यानंतर मनुष्यापुढे असतात. ह्या प्रसंगी फिट्झरॉय ह्यांनी तिसरा मार्ग धरिला.

चार परके पाहुणे

आता जी हकीकत येते ती आम्हां ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी.

1830 साली टिएरा डेल फ्यूगो नावाच्या बेटांवरील लोकांनी बीगलची एक होडी पळविली. ती परत मिळावी म्हणून फिट्झरॉय ह्यांनी तेथील काही माणसे ओलीस धरिली. होडी मिळाली नाही. परंतु चार जणांस इंग्लंडात नेऊन शिकवावे, आणि मग त्यांच्या द्वारे त्या लोकांत सुधारणा व शुभवर्तमान न्यावे, असा विचार कप्तानाच्या मनात आला. खलाशांनी ह्या चौघांस आपल्या सोयीची नावे दिली. सुमारे नऊ वर्षांच्या मुलीस ‘फ्यूजिया बास्केट’ म्हणू लागले. तिचे खरे नाव योकुशलू होते. सुमारे चौदा वर्षांच्या मुलाच्या मोबदल्यात शिंपल्याचे एक बटण दिले होते, म्हणून त्याचे नाव ‘जेमी बटन’ पडले; त्याचे खरे नाव ओरुंडेलिको. इतर दोघे वयाने मोठे होते. त्यांपैकी एक इंग्लंडात पोहोचताच देवीच्या रोगाने मरण पावला.

उरलेल्या तिघांस लंडनजवळील वॉल्थमस्टो येथील शाळेत ठेविले. तेथे ती इंग्रजी भाषा, शेतीची व सुतारीची हत्यारे वापरणे, आणि ख्रिस्ती धर्माची मूळतत्त्वे शिकली. 1831 साली राजा चौथा विल्यम व राणी ॲडिलेड ह्यांनी त्यांस भेटीस बोलाविले. राणीने त्या लहान मुलीस आपली टोपी व अंगठी दिली.

फिट्झरॉय ह्यांचा हेतू शुद्ध होता ह्याविषयी आम्हांस शंका नाही. ह्या तिघांस परत पोहोचविण्यासाठी सरकार गलबत देईना, तेव्हा स्वतःच्या पैशाने जहाज भाड्याने घेण्याची त्यांनी तयारी केली होती. पुढे सरकारने बीगलच पुन्हा पाठविण्याचे ठरविले. रिचर्ड मॅथ्यूज नावाचा एक तरुण मिशनरीही बरोबर निघाला. भाविक मंडळींनी त्याच्याबरोबर देणग्या दिल्या. त्या देणग्यांत चहाची तबके, मद्याचे पेले, पांढरीशुभ्र कापडे व उंची टोप्या होत्या! ज्या देशी लोक बर्फाळ वाऱ्यात जवळजवळ उघडे राहून शिंपले व मासे ह्यांवर गुजराण करितात, त्या देशी ह्या वस्तूंचा काय उपयोग, हा प्रश्न देणाऱ्यांस सुचलाच नाही.

1833 च्या जानेवारीत वुलाया नामक ठिकाणी झोपड्या उभारून, बाग खणून, बी पेरून त्यांस उतरविले. जेमी आपली मातृभाषा जवळजवळ विसरला होता. सख्ख्या भावाशी बोलताना त्याची तारांबळ उडाली. थोड्याच दिवसांत लोकांनी मॅथ्यूजचे सामान लुटले व त्यास धमकाविले. कप्तान परत आले तेव्हा त्यास गलबतावर घेणे भाग पडले. वर्षभराने, 1834 च्या मार्चमध्ये, बीगल पुन्हा तेथे गेले तेव्हा एका होडीत कातडे पांघरलेला, रोडावलेला एक मनुष्य दिसला. तो जेमी होता. त्याने वर येऊन कपडे घातले, कप्तानाबरोबर सुरी-काट्याने जेवण केले, आपल्या मित्रांस ऊदमांजराची कातडी भेट दिली. परंतु इंग्लंडास परत जाण्याविषयी विचारताच त्याने नकार दिला. त्याची बायको होडीत वाट पाहत होती. गलबत निघाले तेव्हा त्याने निरोपादाखल किनाऱ्यावर जाळ पेटविला.

बंधूंनो, आम्ही हे वाचितो तेव्हा आमचे मन दोन्ही बाजूंस जाते. प्रीती होती, त्याग होता. पण ज्यांच्याकरिता हे सर्व करावयाचे त्यांचे मत कोणी विचारिले नव्हते. त्यांचे नाव बदलले, पोशाख बदलला, भाषा बदलली, आणि ह्यासच हृदयपालट समजण्यात आले. आमच्या खेड्यांतही टोपी, बूट व परके नाव म्हणजेच ख्रिस्तीपण असे मानणारे लोक होऊन गेले. ओव्या, अभंग व भजन सोडल्याशिवाय प्रभूचा शिष्य होता येत नाही असे आमच्या वाडवडिलांपैकी कित्येकांस सांगण्यात आले. बी चांगले असले तरी ते त्या जमिनीत रुजले पाहिजे.

ह्या मिशनची पुढील हकीकतही सांगितली पाहिजे. 1859 च्या नोव्हेंबरात त्याच वुलाया येथे उपासना चालू असता एका मिशनरी गलबतावरील आठ जणांस तेथील लोकांनी ठार मारिले. फक्त स्वयंपाकी वाचला. जेमीचा त्यात हात होता की नव्हता ह्याविषयी एकमत नाही. इतके होऊनही काम थांबले नाही. थॉमस ब्रिजेस नावाच्या तरुणाने निराळी रीत धरिली. त्या लोकांस इंग्लंडात नेण्याऐवजी तो स्वतः त्यांच्यात राहिला व त्यांची यामाना भाषा शिकला. तिच्यातील सुमारे 32,000 शब्दांचा कोश त्याने तयार केला. ज्यांच्या भाषेस पूर्वीचे प्रवासी निव्वळ घशातील खरखर म्हणत, त्यांची भाषा इतकी संपन्न निघाली! दुर्दैवाने परक्यांबरोबर आलेल्या गोवरासारख्या रोगांनी ते लोक झपाट्याने नाहीसे झाले. ती मातृभाषा बोलणारी शेवटची स्त्री क्रिस्टिना काल्डेरॉन 2022 साली वारली. ब्रिजेस ह्यांचा कोश मात्र उरला आहे.

बीगलचा मोठा प्रवास

ज्या प्रवासात जेमी वगैरे परत गेले तो प्रवास 27 डिसेंबर 1831 ला सुरू होऊन 2 ऑक्टोबर 1836 ला संपला. कप्तानास जेवताना बोलावयास एक सुशिक्षित सोबती हवा होता. पूर्वीच्या कप्तानाचे एकाकी मरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. हा सोबती म्हणजे 22 वर्षांचे चार्ल्स डार्विन. पुढे ते जगप्रसिद्ध झाले. पण त्यांस प्रथम बीगलवर जागा फिट्झरॉय ह्यांनी दिली हे पुष्कळांस ठाऊक नसते.

ह्या प्रवासात फिट्झरॉय ह्यांनी जे नकाशे केले ते इतके काटेकोर होते की खलाशी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर विसंबून राहिले. पृथ्वीवरील ठिकाणांचे रेखांश ठरविण्याकरिता त्यांनी 22 अचूक घड्याळे बरोबर घेतली होती. त्यांतील काही स्वतःच्या खर्चाची होती. मोजणी लवकर व्हावी म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून एक दुसरे गलबतही विकत घेतले. सरकारने तो खर्च मान्य केला नाही. गलबत विकावे लागले, आणि कप्तान इतके खचले की त्यांनी राजीनामा देऊ केला. सोबत्यांनी समजूत घातली तेव्हा कोठे प्रवास पुढे चालला.

त्यांच्या रागाचीही एक गोष्ट आहे. ब्राझीलमध्ये असता गुलामगिरीवरून डार्विन ह्यांच्याशी त्यांचा वाद झाला. एका गुलामांच्या धन्याने आपल्या गुलामांस ‘तुम्हांस सुटका पाहिजे काय?’ असे विचारिले, व सर्वांनी ‘नको’ म्हटले, असे फिट्झरॉय ह्यांनी सांगितले. डार्विन ह्यांनी विचारिले की धन्यासमोर दिलेल्या उत्तरास किंमत ती काय? हे ऐकून कप्तान संतापले व आपण आता एकत्र राहू शकत नाही असे म्हणाले. परंतु थोड्याच तासांनी त्यांनी एका अधिकाऱ्याच्या हाती क्षमायाचना पाठविली. ह्या वादात डार्विन खरे होते व फिट्झरॉय चुकले होते, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. ज्यांचे आजे-पणजे पाटलापुढे मान वर करीत नसत, त्यांस धन्यासमोरच्या ‘नको’चा अर्थ सांगावयास नको. पण कनिष्ठ वयाच्या मनुष्याकडे सूर्य मावळण्यापूर्वी क्षमा मागणारा वरिष्ठ किती मंडळ्यांत आढळतो, ह्याचाही विचार करावा.

न्यूझीलंडचा कारभार

1841 साली फिट्झरॉय पार्लमेंटचे सभासद झाले, व 1843 च्या डिसेंबरात न्यूझीलंडचे गव्हर्नर म्हणून तेथे पोहोचले. त्यापूर्वी सहा महिने वैराऊ येथे जमिनीच्या वादावरून गोरे वसाहतवाले व माओरी लोक ह्यांच्यात झटापट होऊन 22 गोरे मारले गेले होते. सूड घ्या, असा वसाहतवाल्यांचा आग्रह होता. नव्या गव्हर्नराने चौकशी केली, माओरी सरदार ते राउपराहा ह्याचे म्हणणे ऐकून घेतले, आणि निर्णय दिला की रक्तपात निंद्य असला तरी आगळीक प्रथम गोऱ्यांची होती. जी जमीन त्यांनी योग्य रीतीने घेतली नव्हती ती मोजावयास ते गेले होते. म्हणून आपण सूड घेणार नाही.

स्वतःच्याच लोकांविरुद्ध असा निकाल देणे सोपे नसते. वसाहतवाले त्यांचे वैरी झाले. तिजोरीत पैसा नव्हता, सैन्य थोडे होते, आणि गव्हर्नरांच्या स्वभावात लवचीकपणा नव्हता. त्यांनी काढलेल्या कागदी हुंड्या व जमिनीविषयीचे हुकूम वरिष्ठांस पसंत पडले नाहीत. उत्तरेकडे होने हेके ह्या सरदाराने ब्रिटिश निशाणाची काठी पुनःपुन्हा तोडून बंड केले. 1845 साली फिट्झरॉय ह्यांस परत बोलाविण्यात आले. कारभारात ते अपयशी ठरले हे खरे. पण वैराऊचा त्यांचा निकाल न्यायाचा होता हेही खरे.

वादळाची खूण

1850 साली प्रकृतीच्या व घरगुती अडचणींमुळे त्यांनी आरमारातील प्रत्यक्ष नोकरी सोडली. दोन वर्षांनी पत्नी वारली. मनुष्याच्या दृष्टीने त्यांचे आयुष्य संपल्यासारखे होते. परंतु 1854 साली व्यापारखात्यात हवामानाची माहिती गोळा करण्याकरिता एक लहानशी कचेरी निघाली, व तीवर त्यांची नेमणूक झाली. हाताखाली मोजके कारकून. समुद्रावरील वाऱ्यांचे आकडे जमवून तक्ते तयार करावे, एवढेच काम सरकारच्या मनात होते.

फिट्झरॉय ह्यांचे समाधान तक्त्यांनी होईना. किनाऱ्यावर दरवर्षी शेकडो माणसे बुडत होती. गरीब कोळ्यांच्या गावी त्यांनी साधे, मजबूत बॅरोमीटर बसविण्याची व्यवस्था केली, व निरक्षर मनुष्यासही कळेल अशा रीतीने ते कसे पाहावे हे शिकविण्याची खटपट केली.

मग 1859 च्या ऑक्टोबरच्या 25 व 26 तारखांस ते भयंकर तुफान झाले. ऑस्ट्रेलियाहून सोने मिळवून घरी परतणाऱ्या लोकांनी भरलेले ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटले. किनारा हाकेच्या अंतरावर होता, तरी सुमारे 450 माणसे बुडाली. एकही स्त्री किंवा बालक वाचले नाही. फिट्झरॉय ह्यांनी निरनिराळ्या ठिकाणचे आकडे जुळवून दाखविले की हे तुफान ठराविक दिशेने सरकत आले होते. तारायंत्राने आगाऊ सूचना देता आली असती.

सरकारने परवानगी दिली. 1860 पासून किनाऱ्यावरील ठाण्यांतून रोज सकाळी हवेचा दाब, उष्णमान व वारा ह्यांची खबर तारेने लंडनास येऊ लागली. 1861 च्या फेब्रुवारीपासून वादळाचा संभव दिसताच बंदरांस तार जाई, व तेथे उंच काठीवर खूण चढे. शंकूचे टोक वर असल्यास वादळ उत्तरेकडून, टोक खाली असल्यास दक्षिणेकडून. नळकांडे असल्यास एकामागून एक वादळे. रात्री ह्याच आकृती कंदिलांनी दाखवीत. 1 ऑगस्ट 1861 रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात सर्वसाधारण लोकांकरिता पहिला हवामानाचा अंदाज छापून आला. हे ज्योतिष नव्हे, शकुन नव्हे. कारणांवरून कार्याचा केलेला विचार आहे, असे ते वारंवार सांगत.

हिंदुस्थानातही 1864 सालच्या कलकत्त्याच्या भयंकर तुफानानंतर अशा सूचनांची व्यवस्था होऊ लागली, व 1875 साली येथील हवामानखाते स्थापन झाले. आमच्या बंदरांवरील शंकू, नळकांडे व दिवे हे त्याच पद्धतीचे भाऊबंद आहेत.

शेवटची वर्षे

1857 मध्ये रिअर-ॲडमिरल व 1863 मध्ये व्हाइस-ॲडमिरल ही पदे त्यांस मिळाली. परंतु ज्या वरच्या जागेची त्यांस आशा होती ती बीगलवर त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या अधिकाऱ्यास देण्यात आली. अंदाज चुकला की वर्तमानपत्रे थट्टा करीत. ज्यांनी कधी वादळ पाहिले नव्हते असे विद्वान त्यांच्या पद्धतीस अशास्त्रीय म्हणत. 

मनास दुसरेही एक शल्य होते. आपणच ज्यांस गलबतावर नेले त्या डार्विन ह्यांच्या 1859 च्या ग्रंथाने शास्त्रावरील विश्वासास धक्का बसला असे त्यांस वाटे. 1860 साली ऑक्सफर्ड येथील प्रसिद्ध सभेत त्यांनी पवित्र शास्त्र हाती उंच धरून लोकांस विनविले. त्यांच्या विश्वासाचा आम्ही मान राखितो. परंतु डोंगरातील शिंपले नोहाच्या जलप्रलयाने तेथे आणिले असे जे त्यांनी प्रतिपादिले ते टिकणारे नव्हते. निर्मात्याच्या हातची सृष्टी वाचीत असता आपल्यास भय कशाचे? वाऱ्याचे नियम शोधताना त्यांस भय वाटले नाही, खडकांचे नियम पाहताना वाटले.

कामाचा भार, बहिरेपणा, कर्ज व खिन्नता ह्यांनी शरीर व मन थकून गेले. 30 एप्रिल 1865 रोजी, रविवारी सकाळी, निजलेल्या मुलीचे चुंबन घेऊन ते आपल्या खोलीत गेले, आणि तेथे त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या आयुष्याचा अंत केला. वय 59 वर्षांचे होते.

मृत्यूनंतर कळले की सार्वजनिक कामात त्यांचे जवळजवळ सर्व द्रव्य संपले होते. मित्रांनी 3,000 पौंडांचा निधी जमविला. त्यात डार्विन ह्यांनी 100 पौंड दिले. राणी व्हिक्टोरिया ह्यांनी विधवेस व मुलीस राहावयास जागा दिली. 1866 च्या अखेरीस वादळाच्या सूचना बंद करण्यात आल्या. तेव्हा ओरड कोणी केली? खलाशी व किनाऱ्यावरचे लोक ह्यांनी! पुढच्याच वर्षी सूचना पुन्हा सुरू कराव्या लागल्या. 1879 पासून लोकांकरिता अंदाजही पुन्हा निघू लागले. 2002 साली ब्रिटिश हवामानखात्याने समुद्राच्या एका विभागास ‘फिट्झरॉय’ हे नाव दिले.

बोध

पहिला बोध : उपकार करावयाचा तर ज्याच्यावर करावयाचा त्याचे प्रथम ऐकावे. चहाची तबके पाठविणारे व भाषा शिकणारे दोघेही दयाळू होते. फळ दुसऱ्यास आले.

दुसरा बोध : सत्य व न्याय ह्यांचे फळ कर्त्यास पाहावयास मिळेलच असे नाही. बावट्याने किती जीव वाचले ह्याची मोजदाद कोण करणार? जो बुडाला नाही त्याची नोंद कोठेच होत नसते.

तिसरा बोध विशेषेकरून आमच्या कॅटेकिस्ट बंधूंकरिता आहे. दुसऱ्यांच्या वादळाची खूण ओळखणाऱ्या ह्या मनुष्याच्या स्वतःच्या अंतःकरणातील पारा उतरत चालला होता. तो पाहणारा कोणी जवळ नव्हता, किंवा असूनही त्यास विचारण्याचे धैर्य झाले नाही. आत्मघात करणाऱ्याविषयी कठोर शब्द बोलण्याची आमच्या खेड्यांत रीत आहे. त्याच्या घरच्यांस लोक टाळितात. बंधूंनो, हे प्रभूच्या शिष्यांस शोभत नाही. एलीयासारखा संदेष्टाही झुडपाखाली बसून मरण मागू लागला होता. देवाने त्याची निर्भर्त्सना केली नाही, त्यास झोप दिली, भाकर व पाणी दिले, आणि पुढे एक सोबती दिला. मनाचा आजार हा आजारच आहे. ज्यास झोप येत नाही, ज्याचे बोलणे बंद झाले, जो कर्जाने किंवा अपमानाने वाकून गेला, त्याच्या दारी आज संध्याकाळीच जावे, त्याच्याजवळ बसावे, त्यास एकटे सोडू नये, व वैद्याकडे घेऊन जावे. आणि ह्या अंकाचा वाचकच जर तसा असेल, तर त्याने लाज न धरिता आपल्या पाळकास, मित्रास किंवा डॉक्टरास सांगावे. बंदरात परत येणाऱ्या होडीस कोणी भित्री म्हणत नाही.

चर्चेकरिता प्रश्न

1. माल्डोनाडोजवळील चुकीपासून फिट्झरॉय काय शिकले? आपल्या सेवेत अशी एखादी चूक झाली आहे काय?

2. जेमी बटन इंग्लंडास परत का गेला नाही? मॅथ्यूजची व ब्रिजेसची रीत ह्यांत भेद कोणता?

3. धन्यासमोर दिलेल्या उत्तरास किंमत काय? आपल्या पंचायतीत व मंडळीच्या सभेत सर्वांस मोकळेपणी बोलता येते काय?

4. वैराऊच्या निकालासारखा, आपल्याच माणसांविरुद्ध न्याय देण्याचा प्रसंग आपणांवर आल्यास आपण काय कराल?

5. आपल्या मंडळीत सध्या कोणाच्या घरावर खिन्नतेचे मळभ आहे? त्याचे नाव सभेत घेऊ नये. पण ह्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल हे आपसांत ठरवावे.